पाहुण्यानं उत्तर द्यायचं नसतं

मला परदेशी राष्ट्रप्रमुखाची भूमिका मिळाली ती माझ्या हिंदीमुळे. नातीच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या मॅडमचा फोन आला. फार अदबशीर बाई. म्हणाल्या, "सर, आप बोलते हैं तो लगता है कहीं बाहर से तशरीफ़ लाए हैं. बस, हमें वही चाहिए." मी लखनौत पस्तीस वर्षं राहतोय. इथे नोकरी केली, इथे घर बांधलं, इथेच केस गेले. तरी मी "शुक्रिया" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपला अपमान झालाय. लखनौची माणसं अपमान करतात तोही असा, की घेणारा आभार मानून मोकळा होतो.

बायकोला सांगितलं तर तिला हसू आवरेना.

"बरोबरच आहे त्यांचं," ती म्हणाली. "तुम्ही अजून भाजीवाल्याला 'ये कैसा दिया' असं विचारता."

"मग काय विचारायचं?"

"काही नाही विचारायचं. त्याच्या मुलीचा पेपर कसा गेला ते विचारायचं. मग तो आपणहून चांगली भाजी काढून देतो."

हिची हिंदी माझ्याहून कितीतरी चांगली आहे, आणि तेलीबागेच्या बाजारात मला लोक 'आंटीजी के हस्बैंड' म्हणून ओळखतात. हे मी मोठ्या मनानं चालवून घेत आलोय.

मी मूळचा सातारचा. सुगंधी वनस्पतींच्या तेलावर काम करायला दोन वर्षांसाठी म्हणून इथल्या एका संशोधन संस्थेत आलो आणि तिथूनच रिटायर झालो. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं, वर मुलगा, सून आणि नात. सून इथलीच, त्यामुळे नातीचं मराठी फक्त आत जातं, बाहेर येत नाही. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. 'खालच्या मजल्यावर मराठीच बोलायचं' असा नियम मी एकदा काढला होता, तो ती पायरीवरच सोडून खाली यायची. आजी, आजोबा आणि वरण एवढे तीन शब्द मात्र तिच्या तोंडी पक्के होते. नववीत आहे. शाळा सुटली की अडीचच्या सुमाराला दप्तरासकट खाली आमच्याकडे येते, वरण-भात जेवते आणि मग वर जाते. बालवाडीत होती तेव्हापासूनचा हा क्रम आहे.

आणि मार्चमध्ये, तिची परीक्षा झाली की, आम्ही दोघं कायमचे साताऱ्याला जाणार होतो.

हे काही अचानक ठरलेलं नव्हतं. 'रिटायर झालो की गावी जायचं' हे वाक्य मी लखनौत पाय ठेवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणत होतो. महाराष्ट्राबाहेर राहणारा प्रत्येक मराठी माणूस ते म्हणतो. आमच्या इथल्या गणपतीत दोन अनोळखी मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न 'तुम्ही मूळचे कुठले?' आणि दुसरा 'मग, परत कधी जाणार?' मी रिटायर झालो, वर दोन-तीन वर्षं अशीच गेली, आणि शेवटी साताऱ्यात एक फ्लॅट घेतला. खालचा मजला भाड्यानं द्यायचं ठरलं. दसऱ्याच्या दिवशी जेवताना नातीला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा. ठीक है." आणि आणखी वरण मागून घेतलं.

"आजकालची पोरं प्रॅक्टिकल असतात," मी बायकोला म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिनं खोकी आणून भरायला सुरुवात केली.

तर, शाळेतल्या ज्या लुटुपुटूच्या संसदेत मला ही भूमिका मिळाली, तिचं मूळ टीव्हीवरच्या एका बातमीत होतं. कुठल्याशा देशाच्या संसदेत पाहुणे राष्ट्रप्रमुख भाषण करत होते. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या पिटत होतं, आणि मध्येच दोन खासदार उठले आणि कागद फडकावत काहीतरी ओरडले. रक्षकांनी त्यांना धरून दाराबाहेर नेलं. पाहुणे हसले, एक विनोद केला, आणि भाषण पुढे चालू.

"काय ही रीत!" बायको म्हणाली. "माणसाला जेवायला बोलवायचं आणि तो पानावर बसला की भांडण काढायचं."

"लोकशाही आहे ती," मी म्हणालो. "बोलवणारे वेगळे आणि भांडणारे वेगळे."

नात एका भरलेल्या खोक्यावर बसून चिवडा खात होती. खोक्यावर बायकोनं जाड पेननं 'सातारा – स्वयंपाकघर' असं लिहिलेलं होतं. नातीनं विचारलं, "मतलब, मेहमान से भी सवाल पूछ सकते हैं?"

"विचारू शकतात. पण पाहुण्यानं उत्तर द्यायचं नसतं."

"क्यों?"

"कारण तो पाहुणा असतो. तो आज आहे, उद्या विमानात बसून निघून जाणार. त्यानं घरच्यांच्या भांडणात कशाला पडायचं? पाण्याचा घोट घ्यायचा, हसायचं आणि पुढचं वाक्य वाचायचं."

"अच्छा," ती म्हणाली.

या मुलीचे अच्छा चार-पाच प्रकारचे आहेत. हा त्यातला कुठला होता ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तीच बातमी मॅडमनीही पाहिली होती. शाळेत दरवर्षी नववीच्या मुलांची 'युवा संसद' होते. त्याच आठवड्यात आजी-आजोबांचा दिवसही असतो. हॉल एकच, त्यामुळे या वर्षी मॅडमनी दोन्ही एकाच दिवशी उरकायचं ठरवलं. आजी-आजोबा प्रेक्षकांच्या दीर्घेत बसतील आणि त्यांच्यातलाच एक 'मित्र राष्ट्रा'चा प्रमुख म्हणून संसदेपुढे भाषण करेल. खऱ्या देशाचं नाव नको म्हणून नुसतंच मित्र राष्ट्र. या राष्ट्रानं वरच्या अंगाला धरण बांधून नदीचं पाणी अडवलंय, म्हणून विरोधी पक्ष चिडलाय, अशी कथा होती. मुलांनी कुठे ओरडायचं ते मॅडमनी लाल पेननं लिहून काढलं होतं. असे तीन व्यत्यय आणि शेवटी सभात्याग.

तालमीला चार शनिवार गेलो. पहिल्या शनिवारी कळलं की या मुलांना ओरडताच येत नाही. एक उंच मुलगा माझ्या भाषणात व्यत्यय आणायला उठला, आधी खुर्ची नीट आत सारली आणि म्हणाला, "सर, बुरा न मानिएगा, मगर हम आपसे सहमत नहीं हैं." अध्यक्ष झालेली मुलगी हुशार होती, पण मुळात कोणी गोंधळच घालत नसल्यामुळे तिला 'शांत हो जाइए' म्हणायला जागा मिळेना. 'शेम, शेम' म्हणायचं तिथे सगळा विरोधी पक्ष एकमेकांकडे बघायचा, 'पहले आप, पहले आप' असं करत.

शेवटी मी मध्ये पडलो. मी सातारचा आहे. आमच्याकडे दोन माणसं नुसती पावसापाण्याचं बोलत असली तरी तिसऱ्याला वाटतं की मारामारी चाललीय. मी त्यांना बाकावर हात आपटायला शिकवलं. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत कसं उठायचं ते दाखवलं. "तुमच्या लखनौत हे कोणी शिकवत नाही का?" असंही विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, "सर, घर पे तो बिल्कुल नहीं सिखाते." पाहुण्यांच्या वर्तनाचा माझा नियमही मी सगळ्यांना समजावून सांगितला. तुम्ही काहीही ओरडा, मी उत्तर देणार नाही. मुलांना तो फार आवडला. त्यामुळे ती जरा निर्धास्त झाली.

हे 'तुमच्या लखनौत' माझ्या जिभेवरच आहे. तुमच्या लखनौत डिसेंबरात सूर्य सुट्टीवर जातो. तुमच्या लखनौत वरणात गूळ घालत नाहीत. बायको पूर्वी म्हणायची, "तुमच्या म्हणजे कोणाच्या हो?" पुढे तिनं नाद सोडला. नात लहान असताना एकदा म्हणाली होती, "आजोबा, लखनऊ मुझ अकेली का है क्या?" आम्ही ते सगळ्यांना सांगून हसायचो.

तिसरा व्यत्यय नातीकडे होता. भाषणाच्या अखेरीला उठून तिनं विचारायचं होतं, "हमारी नदी का पानी कहाँ गया?" एरवी ही मुलगी जिन्यावरून हाक मारते तेव्हा शेजारची कुत्री भुंकतात. पण तालमीत तिचा आवाज फुटेना. नदीचं पाणी ती अशी विचारायची, जणू प्यायला ग्लासभर मागतेय.

"बेटा, ज़ोर से," मॅडम म्हणायच्या.

"मैम, आजोबा पे कैसे चिल्लाएँ?"

घरी मी फ्रिजजवळ उभा राहून भाषण म्हणायचो. ती खोक्यावर बसून आपलं वाक्य म्हणायची, तेही माझ्याकडे न बघता, खाली खोक्यावरच्या अक्षरांकडे बघत. "जोरात!" मी म्हणायचो. "नहीं हो रहा," ती म्हणायची. मला वाटलं, संकोच आहे, त्या दिवशी होईल ठीक.

भाषण मी स्वतः लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. परदेशी पाहुण्यांची भाषणं मी इतकी ऐकली आहेत की त्यांचा साचा पाठ झालाय. पहिल्यांदा यजमानांच्या भाषेत एक शब्द म्हणायचा, म्हणजे टाळी मिळते. मग तिथल्या एखाद्या पदार्थाचं कौतुक. मग 'हे माझं दुसरं घर आहे' असं म्हणायचं. मग व्यापार, मग संस्कृती, मग आभार. मी 'आदाब' घेतला, जुन्या लखनौतल्या चौक भागात हिवाळ्यात मिळणारं फेसाळ गोड मक्खन-मलाई घेतलं, आणि त्यानंतर हे वाक्य घातलं: 'यह देश मेरा दूसरा घर है. यहाँ आकर जाने का मन नहीं करता.' बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "खरं आहे का?"

"अगं, भाषण आहे ते."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

मेथीवरून आठवलं. दिवाळीनंतर आम्ही किल्ली घ्यायला साताऱ्याला गेलो होतो. सकाळी ऐटीत पिशवी घेऊन मंडईत गेलो आणि भाजीवाल्याला म्हणालो, "भैया, मेथी कशी दिली?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठनं आलाय?" मी म्हणालो, "सातारचाच की." तो "हां का," म्हणाला आणि कालची मेथी माझ्या पिशवीत टाकली. संध्याकाळी चुलतभावानं शेजाऱ्यांना ओळख करून दिली, "हे आमचे लखनौचे पाहुणे." मीही हसलो. ज्या मित्राच्या भरवशावर मी तिथल्या संध्याकाळी रंगवल्या होत्या, तो पुण्याला मुलाकडे जाऊन राहिला होता. परतीच्या गाडीतून लखनौचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा बायको म्हणाली, "आलं बाई एकदाचं घर." मग तिनं जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवून वरची बॅग काढायला लागलो.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. रिटायर होताना शिवलेला सूट बायकोनं खोक्यातून काढून दिला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. हॉलमध्ये माकडटोप्या घातलेले आजोबा आणि शालीतल्या आज्या बसल्या होत्या. माझी बायको दुसऱ्या रांगेत होती. मंचासमोर दोन बाजूंना बाकं मांडून सरकार आणि विरोधी पक्ष बसवले होते. नात विरोधी पक्षाच्या पहिल्या बाकावर होती. मी आत आलो तेव्हा सगळी संसद उभी राहिली. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

'आदाब'ला टाळी पडली. पहिल्या व्यत्ययाला विरोधी पक्षानं बाकं अशी बडवली की एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. दुसऱ्या व्यत्ययाला तो उंच मुलगा फलक घेऊन उठला. फलक उलटा होता. "झूठ! सरासर झूठ!" तो गरजला, आणि बसताना हळूच "सॉरी सर" म्हणाला. मी पाण्याचा घोट घेतला, हसलो, पुढे गेलो. मॅडम कोपऱ्यातून अंगठा दाखवत होत्या. मक्खन-मलाईला आज्यांनी माना डोलावल्या. मी रंगात आलो. कागदावरून नजर काढून, हात पसरून म्हणालो, "यह देश मेरा दूसरा घर है. यहाँ आकर जाने का मन नहीं करता."

नात उठली. तिचं वाक्य अजून एक पान पुढे होतं, त्यामुळे मला वाटलं की ही चुकली. तिनं दोन्ही हात बाकावर टेकले.

"तो फिर जा क्यों रहे हैं?"

आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. चार शनिवार मी तोच आवाज मागत होतो.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ती हसत नव्हती. "आजोबा, बताइए ना," ती म्हणाली. "जा क्यों रहे हैं?"

अध्यक्ष मुलगी गोंधळली. तिच्या कागदावर हे काहीच नव्हतं. पण मुलगी पक्की होती. तिनं हातोडी आपटली आणि ठणकावून सांगितलं, "माननीय सदस्या ने हमारे अतिथि के लिए 'आजोबा' जैसा असंसदीय शब्द इस्तेमाल किया है. यह शब्द कार्यवाही से हटाया जाए!"

आता तर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायकोचे हात मांडीवर होते आणि ती माझ्याकडे बघत होती, आता हा काय म्हणतोय म्हणून.

मी पाण्याचा घोट घेतला. हसलो. आणि पुढचं वाक्य वाचलं, "दोनों देशों के बीच व्यापार की अपार संभावनाएँ हैं."

आवाज जराही कापला नाही. तेवढ्यात मला स्वतःचं कौतुकही वाटून गेलं, तेही कबूल करतो. नात अजून उभीच होती. अध्यक्षांनी दोनदा सांगितल्यावर ती बसली. नदीचं पाणी तिनं विचारलंच नाही. शेवटी विरोधी पक्ष घोषणा देत सभात्याग करून गेला तेव्हा ती गेली नाही. रिकाम्या बाकांमध्ये एकटी, हनुवटी हातावर टेकून माझ्याकडे बघत राहिली. व्यापार संपला, संस्कृती संपली. मी आभारापर्यंत सगळं भाषण वाचून काढलं.

मुख्याध्यापक म्हणाले की इतका नैसर्गिक गोंधळ त्यांच्या शाळेत यापूर्वी झाला नव्हता. मला चिकनकाम केलेली शाल दिली. नातीला 'सर्वोत्तम व्यवधान', म्हणजे सर्वांत चांगला व्यत्यय, असं प्रमाणपत्र ऐन वेळी हातानं लिहून दिलं. फोटोत ती दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

ई-रिक्षात आम्ही तिघं. मी म्हणालो, "मस्त झालं. पण तुझं वाक्य ते नव्हतं."

"हाँ," ती म्हणाली.

घराशी उतरल्यावर ती सरळ जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले, पावणेतीन वाजले, ती खाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. सुनेनं वरून सांगितलं, होमवर्क बहुत है. वरण तसंच राहिलं. संध्याकाळी बायकोनं ते गरम करून मला वाढलं आणि समोर बसली.

"तिला उत्तर द्यायचं होतंत," ती म्हणाली.

"अगं, भर संसदेत? पाहुण्यानं उत्तर द्यायचं नसतं, हे मीच तर पोरांना..."

"ते मित्र राष्ट्राच्या पाहुण्याचं झालं. तुम्ही तिचे पाहुणे आहात का?"

समोरच्याचं बरोबर असलं की मला राग येतो. तसा तेव्हाही आला. "आणि तू?" मी म्हणालो. "तू का नाही बोललीस इतके दिवस? मुकाट्यानं खोकी भरत बसलीस!"

"मला कोणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही इथे आलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जायचं म्हणताय. पस्तीस वर्षं मी हो म्हणत आले. तुम्ही खरंच जाल असं मला कुठे वाटलं होतं?"

मी जेवायचा थांबलो. मग दोन दिवस मी खरोखर कारण शोधत होतो. आपली माणसं? माझी माणसं मी नीट मोजली, तर त्यातली सर्वांत जवळची वरच्या मजल्यावर रुसून बसलेली होती. आपली भाषा? ती घरात होतीच, आणि साताऱ्याच्या मंडईत माझी भाषाही कालच्या मेथीच्या लायकीची ठरली होती. हवा चांगली म्हणावं, तर हवेसाठी कोणी नातीला सोडून जातं का? तिनं दसऱ्याला "ठीक है" म्हटलं आणि आपण ते खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं, हे लक्षात आल्यावर मला स्वतःची लाज वाटली. त्याहून भीती वाटली. ती आता कधीच अडीच वाजता खाली आली नाही तर काय, अशी.

ते दोन दिवस संपल्यावर मी जिना चढलो. गुडघ्यांमुळे मी वर सहसा जात नाही, ती खाली येते हे गृहीतच धरलेलं. ती टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या त्या बाहेरून तशरीफ आणलेल्या हिंदीत म्हणालो, "माननीय सदस्या, आपके प्रश्न का उत्तर देना था."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "प्रश्नकाल समाप्त हो चुका है," ती म्हणाली. "लिखित में दीजिए."

स्वयंपाकघरात सून खुदकन हसली. मी रेलिंगला धरत खाली आलो आणि कागद घेऊन बसलो.

सगळं आयुष्य अहवाल लिहिण्यात गेलं, पण एवढा अवघड कागद मी लिहिलेला नाही. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात साताऱ्याचा इतिहास होता. बायकोनं वाचला आणि सरळ रद्दीत टाकला. चौथ्या खेपेला जे उरलं ते असं:

'माननीय सदस्यांच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही का जातोय याचं कारण मी शोधलं, सापडलं नाही. जायचं म्हणायची सवय होती, तिलाच मी कारण समजत होतो. हे उत्तर त्याच दिवशी, तिथेच द्यायला हवं होतं. ते सोडून मी व्यापारावर बोललो, त्याबद्दल तुझी माफी मागतो. मार्चमध्ये आम्ही जाणार नाही. साताऱ्याला सुट्टीत जाऊ, तुलाही नेऊ, आणि सुट्टी संपली की तिघंही परत येऊ. तुझी आजी आणि मी तुमच्या लखनौतच राहणार आहोत.'

हे मुद्दाम मराठीत लिहिलं. तिला वाचता येतं हे मला माहीत होतं. सकाळी ती शाळेत गेल्यावर पुन्हा जिना चढून कागद तिच्या टेबलावर ठेवला. बायको तोवर 'सातारा – स्वयंपाकघर' उघडून त्यातली पातेली काढायला लागली होती. मी कागदावर सही केली की नाही, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

दुपारी शाळेची बस थांबली. पावलं जिन्यावरून वर गेली. मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो, त्यातलं एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. मग पावलं खाली आली. नात आत आली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

"आजी, वरण है?"

"आहे गं बाई. पानं घे."

मी चष्मा लावला. मॅडम मुलांचे कागद तपासतात तसा तिनं तो लाल पेननं तपासला होता. बाकी कुठे काही खूण नव्हती. फक्त शेवटच्या ओळीतल्या 'तुमच्या'वर एक जाड रेघ मारली होती, आणि शेजारी समासात तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'यह शब्द कार्यवाही से हटाया जाए.'